पहिला रकाना

मयताचे वारस भरले की शरियतप्रमाणे प्रत्येकाचा हिस्सा काढून देणारे ऑनलाइन कॅल्क्युलेटर आता बरेच झालेत. त्यांची समीक्षा कुणी करत नाही, कारण तो मजकूर आहे असंच कुणाला वाटत नाही. मी पोटासाठी असेच फॉर्म लिहितो, त्यामुळे मला वाटतं. आधी काय विचारायचं, काय शेवटी ढकलायचं आणि काय विचारायचंच नाही, हे ठरवणारा माणूस एक मत मांडत असतो. महाबळेश्वरात आमची थोडी स्ट्रॉबेरीची जमीन आहे, बाजारात एक गाळा आहे, आणि अब्बांना हयातीतच सगळं कागदावर आणायचंय. त्या निमित्तानं मी असे चार-पाच कॅल्क्युलेटर बारकाईनं वाचले.

गणितात ते पक्के आहेत, हे आधी सांगतो. आमचंच उदाहरण भरलं: बायको, आई, दोन मुलगे, एक मुलगी. बायकोला १/८, आईला १/६, उरलेल्याचे पाच भाग. दोन-दोन मुलग्यांना, एक मुलीला. चांगला कॅल्क्युलेटर १२० हा छेद धरून १५, २०, ३४, ३४, १७ असं उत्तर देतो. कच्चा कॅल्क्युलेटर १६.६७ टक्के वगैरे दाखवतो आणि वाटणीच्या कागदावर पैशा-पैशाचा वाद लावून देतो. अपूर्णांक अपूर्णांकच ठेवावा, एवढं साधं भान आमच्या धंद्यातल्या अनेकांना नसतं.

अवघड जागाही त्यांना जमतात. बायको, दोन मुली, आई आणि वडील मागे राहिले तर ठरलेल्या हिश्श्यांची बेरीज २७/२४ होते, म्हणजे मालमत्तेपेक्षा जास्त. सुन्नी पद्धतीत मग छेदच २७ करतात आणि बायकोचा आठवा हिस्सा नववा होतो. याला औल म्हणतात. हजरत अलींनी मिंबरवरून उभ्या-उभ्या हे उत्तर दिल्याचं सांगतात. शिया पद्धतीत औल नाही. तिथं तूट मुलींच्या वाट्यातून जाते. म्हणून फॉर्ममध्ये पंथ निवडायची सोय असते. घाटाखालचे कोकणी मुसलमान शाफई आणि घाटावरचे आम्ही हनफी, त्यामुळे पोलादपूरकडच्या सोयऱ्यांनी तोच फॉर्म भरताना पर्याय बदलावा लागतो. हे सगळं नीट केलेलं आहे.

या गणिताला मोठी परंपरा आहे. ज्याच्या नावावरून 'अल्गोरिदम' शब्द आला, त्या नवव्या शतकातल्या बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीनं बीजगणितावर जे पुस्तक लिहिलं, त्याचा जवळपास निम्मा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या उदाहरणांचा आहे. त्यात मेलेल्या माणसाचं एखाद्या मुलाकडे येणं असतं, कुणाला काही देऊन टाकायची इच्छा असते. माणूस देणं-घेणं मागे ठेवून मरतो, हे तिथं गणिताचाच भाग आहे. आजच्या फॉर्ममध्ये त्या सगळ्याला मिळून 'कर्ज' नावाचा एक रकाना. बायकोचा न दिलेला मेहर हे कर्जच आहे, ते हिश्श्यांच्या आधी फेडायचं असतं आणि वर तिचा आठवा हिस्सा वेगळा. किती घरांत हे आठवतं?

पण माझी खरी तक्रार पहिल्या रकान्याशी आहे. 'एकूण मालमत्ता.' तिथं आकडा टाका, पुढं चला.

अब्बा जो आकडा टाकणार होते त्यात दादांची जमीन होती. दादा गेले तेव्हा मागे दादी, अब्बा आणि दोन फुफी. फेरफार अब्बांच्या एकट्याच्या नावानं झाला. तोच कॅल्क्युलेटर मी दादांसाठी चालवला: दादीला ४/३२, अब्बांना १४/३२, प्रत्येक फुफीला ७/३२. मुस्लिम कायद्यात वारसाचा हक्क मृत्यूच्या क्षणीच उभा राहतो. वाटणी झाली नाही म्हणून तो थांबत नाही. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिनं मालकी ठरत नाही. आणि हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. आमच्या घरात तसं पत्र नाही. म्हणजे त्या जमिनीपुरता अब्बांचा आकडा निम्म्याहूनही कमी, आणि १२० च्या छेदाचं सगळं सुबक गणित दुसऱ्यांच्या मालकीवर उभं.

एकावर एक असे मृत्यू साचले की हिशेब कसा करायचा याला जुन्या फिकहमध्ये मुनासखा असं स्वतंत्र प्रकरण आहे. कॅल्क्युलेटर मात्र एका वेळी एकच मृत्यू घेतात. "ही मालमत्ता तुमच्याकडे कुठून आली? त्यात बहिणींचा वाटा होता का?" हा एक प्रश्न पहिल्या रकान्याआधी विचारायला किती कोड लागतो? चार ओळी. तो विचारला जात नाही, कारण फॉर्म बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाटणारा पुरुष असतो, राहून गेलेली बहीण नसते.

मुलीला अर्धाच हिस्सा का, यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, आणि लिहावं. पण तो अर्धा तरी कुणाच्या हातात पडतो? शेजारच्या हिंदू घरात महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलीला बरोबरीचा हक्क दिला. हक्कसोडपत्रावर सही करायला तिथल्या बहिणीही जातात, माहेर तुटू नये म्हणून. कायदे दोन, माहेर एकच.

एक गोष्ट मात्र या कॅल्क्युलेटरच्या बाजूनं बोलायलाच हवी. फुफींची नावं आमच्या घरात जमिनीच्या संदर्भात कधी उच्चारली गेली नव्हती. पडद्यावर ती अब्बांच्याच अक्षराइतक्या मोठ्या अक्षरांत आली, समोर ७/३२. अब्बांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "त्यांनी कधी मागितलं नाही," म्हणाले. मी म्हटलं, "अब्बा, यात मागितलं का असं विचारतच नाहीत." मग त्यांनी दादीला हाक मारली, आणि दोघं बराच वेळ दक्खनीत बोलत बसले. दादीचं म्हणणं होतं की आधी मोठीला फोन करावा, धाकटी लगेच नको म्हणेल.