रंग गेला, मीठ उरले

सोलापुरी चादर व टॉवेल यांच्या रंगाईसंबंधी ‘स्वच्छ प्रक्रिया’ हा शब्दप्रयोग सैलपणे केला जातो. त्याची छाननी अगत्याची आहे. सांडपाण्यातील रंग किती टक्के नाहीसा झाला, एवढ्यावरच पुष्कळदा यशाचा निवाडा होतो. वस्तुतः सुती धाग्यावर रिअॅक्टिव्ह रंग चढविण्यास मीठ विपुल लागते, आणि ते जवळजवळ सर्व सांडपाण्यात उतरते. जैविक शुद्धीकरणाने ते हटत नाही. पाणी नितळ दिसते; तेच शेतात गेल्यास जमीन खारवटते.

कॅटालेज या एंझाइमाची उपयुक्तता निर्विवाद आहे. ब्लीचिंगनंतर उरलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडचे त्यायोगे पाणी व ऑक्सिजन यांत विघटन होते आणि रंगाईपूर्वीच्या धुलाया वाचतात. अवर्षणप्रवण सोलापुरात ही बचत मोलाची होय. तथापि पाणी घटले व मीठ तेवढेच राहिले, तर उरलेल्या सांडपाण्यातील क्षारांचे प्रमाण वाढते, हे विसरता कामा नये.

सबब दर किलो सुतामागे पाणी किती लिटर व मीठ किती ग्रॅम, हे दोन आकडे दिल्यावाचून कोणत्याही प्रबंधाने ‘स्वच्छ’ हे विशेषण योजू नये. भौगोलिक मानांकनाने चादरीच्या नावास संरक्षण मिळाले. तिच्या रंगाईची प्रतिष्ठा मात्र या हिशेबानेच ठरेल.