युद्धनौका आणि मालगुजारी तलाव

सडक अर्जुनीसारख्या गांवीं बसून आम्ही युद्धनौकांविषयीं लिहावें, हें कित्येक वाचकांस नवलाचें वाटेल. आमच्याकडे पाणी तें तलावांचें. समुद्र राज्याच्या दुसऱ्या टोंकाला. परंतु ‘विक्रांत’ जपण्यास ज्या तिजोरींत पैसा नाहीं असें सांगण्यांत आलें, ती तिजोरी आमचीहि आहे. सबब या प्रकरणाचें परीक्षण करण्याचा अधिकार आम्ही घेत आहों.

भारतानें ही विमानवाहू नौका १९५७ सालीं ब्रिटनकडून विकत घेतली. ४ मार्च १९६१ रोजीं ती नौदलांत दाखल झाली, व १९७१ च्या युद्धांत तिच्या विमानांनीं चितगांव आणि कॉक्स बाजार येथें मारा केला. ३१ जानेवारी १९९७ रोजीं ती निवृत्त झाली. पुढें मुंबईंत तिच्यावर संग्रहालय चालविण्यांत आलें. पण नौका धोकादायक झाल्यामुळें २०१२ सालीं तें बंद पडलें. राज्य सरकारनें खर्च झेपत नाहीं म्हणून हात वर केले, उच्च न्यायालयांत दाद लागली नाहीं, आणि २०१४ सालीं सुमारें ६० कोटी रुपयांस ती मोडींत गेली.

सरकारनें खर्च नाकारला म्हणून आम्ही त्यास दोष देत नाहीं. ज्या राज्यांत शेतकरी पाण्यावांचून अडतो, तेथें लोखंडावर किती खर्चावें, हा प्रश्न रास्तच आहे. आमचा आक्षेप निराळा आहे. पंधरा वर्षें होकारहि नाहीं आणि नकारहि नाहीं, या अवस्थेंत नौका खाऱ्या पाण्यांत उभी राहिली. खारें पाणी मंत्रिमंडळाच्या निर्णयासाठीं थांबत नाहीं. त्यांतून धडा घ्यावा, तर ‘विराट’ची कथाहि तीच! २०१८ सालीं सिंधुदुर्गांत निवतीजवळ तिचें संग्रहालय करण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर झाली, आणि २०२० सालीं ती नौका मोडण्यासाठीं अलंगला गेली.

ज्यांनीं नौका जपल्या, त्यांनीं प्रथम त्या पाण्याबाहेर काढल्या. इंग्रजांची ‘व्हिक्टरी’ १९२२ पासून कोरड्या गोदींत आहे. विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी किनाऱ्यावर ओढून २००२ सालीं लोकांस खुली केली. पाणबुडी सुमारें ३०० फूट, ‘विक्रांत’ ७०० फूट. तुलना सर्वस्वी समान नव्हे, हें आम्ही मान्य करतों. परंतु आपल्या ऐपतीस पेलेल तेवढेंच उचलावें, हें तारतम्य तेथें दिसतें.

हा रोग आमच्या परिचयाचा आहे. या भागांतील तलाव कोहळी लोकांनीं बांधले व गांवानें सांभाळले. १९५१ च्या सुमारास मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, आणि गाळ काढणें हें कोणाचेंच काम उरलें नाहीं. तलावाचा अभिमान सर्वांस. फावडें मात्र कोणाच्याच हातीं नाहीं.

२०२५ सालीं ‘गुलदार’ ही निवृत्त नौका सिंधुदुर्गाच्या समुद्रांत बुडवून पाण्याखालीं संग्रहालय करण्याची योजना हातीं घेण्यांत आली. ती यशस्वी व्हावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. मात्र अशा प्रत्येक योजनेच्या वेळीं नागरिकांनीं आपल्या प्रतिनिधीस एकच प्रश्न विचारावा: उद्घाटनानंतरच्या दहाव्या वर्षीं खर्च कोण करणार? ज्याच्यापाशीं याचें उत्तर नाहीं, त्यानें नारळ फोडूं नये.