आरशाआधी हात

कपड्यांच्या सल्ल्यांत एक वाक्य ठरलेलं असतं: जाड असाल तर जॉर्जेट घ्या, बारीक असाल तर कडक सुती. माझा आक्षेप इथेच आहे. हा सल्ला शरीराला दोष समजतो आणि कापडाला पडदा. जॉर्जेट अंगालगत पडतं, फुगत नाही, हे खरं. पण बाजारातलं स्वस्त जॉर्जेट पॉलिस्टरचं असतं, ते घाम शोषत नाही. मुंबईच्या मे महिन्यात ते नेसून बाई दिवसभर अवघडून बसते. आणि अवघडलेलं माणूस कशात शोभेल, सांगा बरं? उलट, धुऊन धुऊन मऊ झालेलं आजीचं सुती लुगडं आठवा. म्हणून दुकानात आरशाआधी हात वापरा. कापड मुठीत चुरगळा, हातावर सोडून त्याचा पडाव बघा. मग तुमची चालण्या-बसण्याची सवय आठवा नि ठरवा.