सोलापुरातली एक जपानी कला

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एक लेख ठरलेला असतो. परदेशात राहून आपण कोणती कला जपली, त्यावर. ढोल-ताशा झाला, नाट्यसंगीत झालं, बॅगेतून आणलेल्या नऊवारीतली लावणी झाली. यंदा संपादकांनी मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी उलट्या बाजूने लिहितो. जपानची एक कला परदेशात, म्हणजे आमच्या सोलापुरात, किती निष्ठेने जपली जाते त्यावर. संपादक म्हणाले, "सोलापुरात जपानी कला? ओरिगामी का?" मी म्हटलं, "कराओके." त्यांनी पान दिलं, पण चेहरा काही खुलला नाही.

कराओके म्हटलं की चेहरे असेच होतात. साथीला वादक नाही, पाठांतर नाही, रियाजाचा तर प्रश्नच नाही. तयार ट्रॅक लावायचा आणि पडद्यावरचे शब्द वाचत गायचं, यात कसली कला! आक्षेप सगळे बरोबर आहेत. तरी गेल्या जानेवारीत, गड्डा यात्रेसाठी घरी गेलो असताना, मावसबहिणीने मला तिच्या ग्रुपच्या 'मैफली'ला ओढत नेलं, आणि जपानात इतकी वर्षं काढून जी गोष्ट नीट लक्षात आली नव्हती ती तिथे आली.

जागा होती जुळे सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयाचा वरचा छोटा हॉल. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण कराओके बार म्हटल्यावर टोकियोकरांच्या डोळ्यांसमोर जे येतं तसलं काही सोलापुरात शोधू नये. बार भरपूर आहेत. पण परमिट रूममध्ये घरच्या बायका-मुलांना घेऊन कोणी गायला बसत नाही आणि गाण्याच्या हॉलमध्ये ग्लास येत नाही. चहा येतो, तोही कटिंग. बरोबर कुणीतरी घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चटणी खाऊन माइक हातात घेणाऱ्याला पहिल्या कडव्यात ठसका लागतो आणि सगळ्यांना ते आधीच माहीत असतं. भिंतीवर एक टीव्ही, टेबलावर लॅपटॉप आणि मिक्सर, दोन कॉर्डलेस माइक. त्यातल्या एकाची बॅटरी कायम जाण्याच्या बेतात.

गाणारे कोण? बँकेतून निवृत्त झालेले एक काका. टॉवेलचा कारखाना चालवणारे पूर्व भागातले एक अण्णा. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, गाण्यात हिंदी. एक नर्स, जी ड्यूटी संपवून थेट आली होती. एक बाई शाळेत शिकवतात. त्यांची वही मी मांडीवर घेऊन चाळली. दुरेघी वही, प्रत्येक गाण्याला एक पान, वर उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने 'पांढरी चार', 'काळी एक' अशी पट्टी लिहिलेली, आणि जिथे दम संपतो तिथे शब्दांच्या मधे छोटी उभी रेघ. काही रेघा खोडून पुढे सरकवलेल्या होत्या. म्हणजे दम वाढत गेला होता. रियाज नाही असं वर मी म्हणालो खरा.

पण त्या संध्याकाळी माझं लक्ष गाणाऱ्यांपेक्षा लॅपटॉपवर बसलेल्या पोराकडेच जास्त होतं. पंचविशीचा असेल. त्याला सगळे 'ट्रॅकवाला' म्हणत होते. काकांनी रफीचं गाणं सुरू केलं. पहिल्या ओळीतच गळा ताणला गेला. ट्रॅकवाल्याने गाणं थांबवलं, उठून जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "मालक, दोन पट्ट्या खाली घेऊ का?" हे त्याने माइकपासून लांब, इतरांना ऐकू जाणार नाही असं विचारलं. काकांनी मान हलवली. गाणं पुन्हा सुरू झालं आणि यावेळी काका वरच्या सुरापर्यंत पोचले. पुढे मधल्या म्युझिकनंतर अंतऱ्याची एंट्री चुकली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या तिघांनी टाळीवर ताल धरून त्यांना सम दाखवली. गाणं संपल्यावर वाजलेल्या टाळ्या चांगल्या गाण्यासाठी होत्या असं मी म्हणणार नाही. गाणं पार पडलं म्हणून होत्या.

हे मी सोलापूरचं कौतुक म्हणून सांगतोय खरं, पण याचं मूळ कोबेत आहे. दाइसुके इनोउए हा 1940 साली जन्मलेला माणूस कोबेच्या बारांमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला कीबोर्डवर साथ करायचा. त्याला नोटेशन धड वाचता यायचं नाही. त्याची ख्याती वेगळ्याच गोष्टीसाठी होती: गाणारा कितीही बेताल असो, तो त्याच्या मागे जायचा. कोणी रेंगाळला की हा रेंगाळायचा. त्याच्या गाणाऱ्यांत एका छोट्या कंपनीचा मालक होता. त्याला गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी सहलीला जायचं होतं आणि तिथे पाहुण्यांपुढे गायचं होतं. साथीला इनोउएच हवा होता. इनोउएला जाणं जमेना. म्हणून त्याने त्या मालकाच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर वाजवून दिली. मालक खूश होऊन परतला आणि आणखी टेप मागू लागला. त्यातून 1971 मध्ये यंत्र उभं राहिलं: गाडीतल्या एट-ट्रॅक टेपचा प्लेअर, अॅम्प्लिफायर, माइक आणि नाणं टाकायची पेटी. शंभर येनचं नाणं टाकलं की काही मिनिटं साथ मिळायची. पहिली 11 यंत्रं त्याने कोबेच्या बारांना भाड्याने दिली. पेटंट घेतलंच नाही. त्याच्याआधी, 1967 मध्ये, टोकियोत शिगेइची नेगिशी यांनी असंच एक यंत्र बनवलं होतं, त्यामुळे कराओकेचा जनक कोण हा वाद चालू असतो. मला त्या वादात पडायचं नाही. माझा कल इनोउएकडे आहे, कारण त्याचं यंत्र बेसूर माणसाच्या सोयीपोटी जन्माला आलं. 2004 साली त्याला शांततेचं इग नोबेल मिळालं. हा थट्टेचा पुरस्कार असतो. माणसांना एकमेकांना सहन करायला शिकवणारी नवी वाट त्याने दाखवली, असं तो देताना म्हटलं गेलं. थट्टेत म्हटलं म्हणून ते खोटं ठरत नाही.

कोबेच्या बारमधला तो साथीदार आणि सोलापूरचा ट्रॅकवाला, दोघांचं काम एकच आहे: समोरच्याचा गळा ओळखून पट्टी खाली घेणं आणि ते चारचौघांत कळू न देणं. कराओकेत कला असेल तर ती या जागी आहे, असं माझं मत.

आता ही जपानी कला सोलापुरातच एवढी का रुजली? माझा अंदाज असा की गावाला सवय आधीपासून होती. सोलापूर हे गाणाऱ्या माणसांचं गाव. पेशवाईच्या अखेरच्या काळातला शाहीर रामजोशी इथला. ब्राह्मणाघरचा पोरगा तमाशाच्या फडात गेला म्हणून घरच्यांनी बाहेर काढला, आणि शेवटी गाव त्याच्याच नावाने ओळख सांगू लागलं. जवळच्या बार्शीचे अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदानं भरायची. कवी संजीव सोलापुरात राहून मराठी सिनेमाला गाणी पुरवत होते. 'भाऊबीज' या चित्रपटातलं त्यांचं ओवाळणीचं गाणं आजही दिवाळीत टोकियोतल्या घराघरांत लागतं आणि लावणाऱ्याला बहुधा माहीत नसतं की ते सोलापूरचं आहे. गंमत म्हणजे व्ही. शांताराम यांच्या राजकमलने सोलापूरच्या दोन माणसांवर पाठोपाठ चित्रपट काढले, 1946 मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आणि 1947 मध्ये 'लोकशाहीर रामजोशी', आणि दोन्हींना संगीत वसंत देसाईंचं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जपानी आक्रमणातल्या जखमींवर उपचार करता करता 1942 साली गेले. जपानात राहून स्मरणिकेत हे नाव लिहिताना मन जरा अडखळतं, पण सोलापूरकराला ते टाळता येत नाही आणि टाळूही नये.

तर मुद्दा असा की गिरण्या चालू होत्या तेव्हा गणपतीत मेळे असायचे, पेठेपेठेत. पाळी सुटली की कामगार तालमीला बसायचे. मेळे ओसरले, मग ऑर्केस्ट्रे आले. पुण्याच्या 'मेलडी मेकर्स'ची नक्कल करणारी गावोगावची पोरं, चकचकीत शर्ट, अॅकॉर्डियन, काँगो. ऑर्केस्ट्र्यात मात्र गाणारे ठरलेले चौघे, बाकीचं गाव सतरंजीवर. ऐकणाऱ्यातल्या कुणाला एखादं गाणं म्हणावंसं वाटलं तर निवेदकाचे हातपाय जोडावे लागत. ढोलकी, ऑर्गन, गिटार, सगळ्यांची बिदागी भागवून गाण्याची हौस फेडायची तर सावकारच हवा. ट्रॅक फुकटात मिळू लागला आणि ती अडचण गेली. लॉकडाऊनमध्ये लोक स्टारमेकर आणि स्मूलवर घरातल्या घरात, मोरीत इको चांगला येतो म्हणून मोरीत उभे राहून गायले. पुढे तेच बाहेर आले आणि ग्रुप झाले. आता वर्षातून एकदा हुतात्मा स्मृती मंदिराचं नाट्यगृह घेऊन मोठा कार्यक्रम करायचा, हे अशा ग्रुपांचं स्वप्न असतं. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन या चार हुतात्म्यांच्या नावाची ही वास्तू. तिथल्या रंगमंचावर पाय ठेवताना नवखे गाणारे पायरीला हात लावून नमस्कार करतात.

सगळंच गोड आहे असं नाही. वादकांचं पोट यात गेलं, हे कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं. त्या हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर एक म्हातारे ढोलकीवादक बसले होते. गाणाऱ्यांपैकी कुणाचे तरी सासरे. ट्रॅकमधली ढोलकी वाजू लागली की त्यांची बोटं गुडघ्यावर चालायची आणि दोन आवर्तनांनंतर थांबायची. मी विचारलं, "का थांबलात?" ते म्हणाले, "ह्यो सारखाच वाजवतोय की. गाणारा बदलला तरी ह्याला पत्ता नाही." याला उत्तर नाही. ट्रॅकवाला पट्टी खाली घेईल, वेगही थोडा कमी करेल, पण ठेका धरता धरता गाणाऱ्याकडे बघून हसणं त्याच्या लॅपटॉपात नाही. शिवाय इको इतका की शब्द स्वतःच्याच मागे धावतात, 'सोलापूरचे किशोरकुमार' असे फ्लेक्स, आणि दर चार गाण्यांमागे एक सत्कार. शाल, श्रीफळ, फोटो, पुन्हा फोटो. त्या वेळात आणखी दोन गाणी झाली असती.

अण्णांचं सांगायचं राहिलं. त्यांनी रफी म्हटला, मुकेश म्हटला, आणि शेवटी कुणीतरी मागून ओरडलं, "अण्णा, तुमचं घरचं होऊ द्या की!" मग त्यांनी बालसुब्रह्मण्यम यांचं एक तेलुगू गाणं लावायला सांगितलं. शब्द पडद्यावर तेलुगू लिपीत, हॉलमधल्या निम्म्यांना वाचता न येणारे. अण्णांनी टीव्हीकडे पाहिलंसुद्धा नाही. इतका वेळ छातीशी घट्ट धरलेला माइक त्यांनी सैल सोडला. त्या गाण्याला मी टाळी वाजवली ती मात्र चांगल्या गाण्यासाठी.

इकडे टोकियोत निशिकासाईला स्टेशनमागच्या गल्लीत आठ-दहा खुर्च्यांचं एक 'स्नॅक' आहे. आपल्यापैकी बरेच जण तिथे जातात, नाव लिहीत नाही, नाहीतर पुढच्या शुक्रवारी बसायला जागा मिळायची नाही. सत्तरीची मालकीणबाई गरम टॉवेल हातात देते, माइक क्रमाने फिरतो, आणि अनोळखी माणूससुद्धा तुमचं गाणं संपेपर्यंत आपलं बोलणं थांबवतो. तिथल्या यंत्रात मराठी गाणं मी अजून पाहिलेलं नाही. आपण फोन वायरने जोडतो. शेजारचे आजोबा संथ एन्का गातात, मग आपला कोणीतरी 'झिंगाट' लावतो आणि आठ खुर्च्यांवरचे सगळे उभे राहतात. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंचा 'सैराट', नायिका अकलूजची, अजय-अतुलच्या संगीताचा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित झालेला लॉस एंजेलिसमध्ये, आणि गातोय एदोगावात तिसरीतला मुलगा, रोमन लिपीत वाचून. 'ळ'चा 'ल' होतो. मालकीणबाई त्याच्यासाठी आवाज कमी करते. कमी केलाय हे त्याला कळत नाही.

आपल्या मंडळात मात्र गणपतीच्या कार्यक्रमासाठी निवड चाचणी असते. ती हवीच, दोन तासांत किती जणांना बसवणार. माझी सूचना एवढीच की महाप्रसादाच्या आधी पाऊण तास, निवड न झालेल्यांसाठी हॉल आणि माइक मोकळा ठेवावा. सत्कार नको, स्पर्धा नको, इको शक्यतो बंद. लॅपटॉपवर मी बसतो. गायचं असेल त्यांनी गाणं आणि पट्टी आधी कळवावी; पट्टी माहीत नसली तरी या, पहिल्या ओळीत ती कळते.