सोनारीचा देव वीरला कसा गेला : सोन्थायमर वाचताना

'धनगर आणि त्यांच्या ओव्या' असा विषय घ्यायचाय, काय वाचू, असं तुमच्यापैकी काहीजण विचारता. माझं उत्तर ठरलेलं: आधी गुंथर सोन्थायमर वाचा. वाचून झालं की त्यांच्याशी भांडा. भांडणं जास्त अवघड, म्हणून आज त्यावरच लिहिते.

मूळ जर्मन पुस्तक १९७६ चं. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा उगम, इतिहास आणि परिसर, असं त्याचं नाव. ॲन फेल्डहाउस यांचं इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये आलं, आपण तेच वाचतो. त्याच्या मुखपृष्ठावर फक्त पशुपालकांचे देव उरले, 'परिसर' हा शब्द गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सोन्थायमर हायडेलबर्गचे, आणि हिंदू कायद्याचेही अभ्यासक. परक्या देशातून येऊन त्यांनी धनगरांच्या ओव्या ऐकल्या, ध्वनिमुद्रित केल्या आणि इतिहासाचं साधन म्हणून वापरल्या. शिलालेख आणि माहात्म्यग्रंथ यांच्या पंगतीला त्यांनी ओवी बसवली.

धाराशिवच्या वाचकांनी म्हस्कोबाचा भाग आधी उघडावा. पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा म्हणजे आपल्या परांडा तालुक्यातल्या सोनारीचा भैरवनाथ. कमळाजी नावाचा धनगर भक्त सोनारीची वारी करायचा, शेवटी देवच त्याच्यामागे वीरला गेला, अशी कथा. आपण हात जोडून ऐकतो आणि सोडून देतो. सोन्थायमर विचारतात, अशा वाटेनं कोण चालतं? मेंढरं घेऊन फिरणारी माणसं. सह्याद्रीच्या पूर्वेला कमी पावसाचा माळरानाचा पट्टा आहे, मेंढरू तिथंच तगतं. तेव्हा देवाचा प्रवास ही कळपाच्या वाटेची आठवण असू शकते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली. सोनारी आमच्या जिल्ह्यातली, आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता!

आता भांडण. या पुस्तकातली वाट कायम मागे जाते. पाऊस, चराई, धनगरांच्या पोटजाती, सगळं आहे, पण ते देव समजावा म्हणून. मेंढपाळ तिथं जुन्या काळाचा राखणदार होतो. त्याला उद्या कुठं जायचंय, हे पुस्तकाला फारसं लागत नाही. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांचा गवळी धनगरांवरचा १९८२ चा लेख शेजारी ठेवून बघा. तिथं म्हशी आहेत, जंगल आहे, जगण्याचं गणित आहे, पण गाणं जवळजवळ ऐकूच येत नाही. दोन्हींत अर्धा अर्धा माणूस सापडतो.

माझी फजिती सांगते. तुळजापूर तालुक्यात एका वाड्यावर गेले होते (मेंढरांचा वाडा हो, राहायचा नाही). प्रश्नावलीत ओव्यांवरचे प्रश्न खच्चून भरलेले. म्हाताऱ्या आबांनी दोन-तीन ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, ओव्या जत्रंला ऐकायला या. आता मेंढरं कुठं बसवायची ते बघू द्या." पूर्वी ज्या रानात कळप बसवायचा, त्या मालकानं ऊस लावला होता. लेंडीखताच्या बदल्यात मिळणारं धान्य गेलं, आणि मुक्कामही गेला. आजी वाघर गुंडाळत होत्या. त्यांना मी एकही प्रश्न विचारला नव्हता, कारण ओव्या गाणारे पुरुष, असं मी वाचून ठरवूनच गेले होते. ही चूक पुस्तकाची नाही, माझी.

म्हणून तुमची सिनॉप्सिस लिहिताना सोन्थायमरांची पद्धत घ्या, त्यांचा प्रश्न जसाच्या तसा उचलू नका. परदेशी माणसानं आपलं नेलं, ही तक्रारही जरा बाजूला ठेवा. त्यांनी निदान येऊन ऐकलं. त्यांच्यानंतर माळ बदललाय. वाशी-भूमकडं पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पाणी आलं तिथं उसानं रान व्यापलं, आणि जमीन कुणाची हा प्रश्न दर मुक्कामाला नव्यानं येतो. तो ओवीत शिरलाय का? मी आता तेच ऐकत फिरतेय. तीन गावं झालीत.

परांड्याकडचं कुणी वाचत असेल तर कळवा: सोनारीच्या यात्रेला वाडे अजून पायी येतात, की मेंढरं मागं ठेवून माणसं टेम्पोनं येतात? आणि पायी येत असतील, तर वाटेत उतरतात कुणाच्या रानात?