घाट वाईचा, हात कुणाचे?

हिंदी सिनेमात वाई गेली पंचवीस-तीस वर्षं सतत दिसते, पण वाई म्हणून फारशी नाही. प्रकाश झा यांच्या ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) या चित्रपटांत ती बिहार झाली. ‘स्वदेस’ (२००४) मध्ये शेजारची मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली, ‘दबंग’ (२०१०) मध्ये वाईचं लालगंज झालं आणि ‘चेन्नई एक्स्प्रेस’ (२०१३) मध्ये हाच मुलूख तमिळनाडू म्हणून खपून गेला. कृष्णेचा घाट, हेमाडपंती वळणाची देवळं, धोमचं पाणी, मागे सह्याद्री आणि राहायला पाचगणीची हॉटेलं, शिवाय मुंबई-पुण्याहून अर्ध्या दिवसाच्या आत पोहोचता येतं. निर्मात्याला आणखी काय हवं?

पण ही सोंगं आपोआप वठत नाहीत. दुकानांच्या मराठी पाट्या उतरवायच्या, एमएच-११ च्या नंबरप्लेट झाकायच्या, भिंतीवरची सहकारी बँकेची जाहिरात पुसून तिथे परप्रांतातला कुणी उमेदवार रंगवायचा. नवी भिंत चहाचं पाणी, काजळी आणि गेरू मारून जुनी करायची. हे सगळं आर्ट डिपार्टमेंटचं काम. ते जमलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि फसलं तरच चर्चेला येतं.

या सगळ्यात ‘स्वदेस’ मला अजून उजवा वाटतो. कलादिग्दर्शन नितीन चंद्रकांत देसाईंचं, वेशभूषा भानू अथय्यांची, छायाचित्रण महेश अणे यांचं. अणेंना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. नाना फडणवीसांच्या मेणवलीत सजावट लादण्याचा मोह कुणालाही झाला असता. देसाईंचं नाव घेतलं की पुढे त्यांनी उभारलेले भव्य महाल आठवतात. इथे मात्र घाटाचा काळा दगड काळाच राहिला, आणि चरणपूर दिसतं ते चौपाल, पोस्ट, ओसरी अशा साध्या जागांतून. नायिका गीताच्या सुती साड्या धुवून-वाळवून वापरलेल्या वाटतात, गावकऱ्यांचे कपडे त्यांच्या अंगावरचेच वाटतात. गावात पडदा लावून सिनेमा दाखवण्याचा रात्रीचा प्रसंग पुन्हा पाहावा. पडद्याच्या एका बाजूला उच्चवर्णीय, दुसऱ्या बाजूला उलटं चित्र पाहणारे दलित, आणि मध्येच वीज जाते. अंधार दाखवायचा, पण माणसं हरवू द्यायची नाहीत, ही छायाचित्रकाराची खरी परीक्षा. अणे तिच्यात पूर्ण उतरले.

‘दबंग’चे छायाचित्रकार महेश लिमयेही मराठीच. म्हणजे मराठी माणसं या खात्यांच्या अगदी वरच्या जागांवर पोहोचलेली आहेत. तक्रार मराठीपणाची नाहीच, तक्रार गावाची आहे. वाईत इतकं काम झालं, त्यातून वाईत काय उरलं?

२०१७ साली ‘लागिरं झालं जी’ ही मालिका आली आणि चित्र पालटलं. लेखक वाईचे तेजपाल वाघ, निर्मिती साताऱ्याच्याच श्वेता शिंदे यांच्या संस्थेची, गोष्ट फौजेत जाऊ पाहणाऱ्या पोरांची. सातारा पहिल्यांदा दररोज, सातारा म्हणूनच, घराघरांत दिसू लागला. मागोमाग ‘देवमाणूस’, ‘कारभारी लयभारी’, ‘अप्पी आमची कलेक्टर’ आल्या आणि सांगलीत ‘जीव झाला येडापिसा’चं चित्रीकरण झालं. भाषा बदलली, चेहरे बदलले. पुण्या-मुंबईच्या नटाने कसंबसं ओढून आणलेलं ‘गावाकडचं’ बोलणं मागे पडलं. एवढं श्रेय या मालिकांना निःसंशय द्यायला हवं.

कसबाचं काय? तिथे मात्र हात आखडावा लागतो.

प्रकाशयोजना घ्या. जुन्या वाड्यात उजेड चौकातून येतो आणि सोप्यात पोहोचेपर्यंत विरत जातो. माजघर दुपारीही अंधारं असतं आणि तोच त्या वास्तूचा स्वभाव. मालिकेला दिवसाकाठी जवळजवळ एक एपिसोड हातावेगळा करायचा असतो. कॅमेरे एकाच वेळी दोन-तीन लावलेले असतात. मग सगळीकडून सपाट उजेड मारणं सोयीचं पडतं, कारण सावली पडली की कुठल्या तरी कॅमेऱ्यात ती आडवी येणारच. लाईटमनला हे कळत नाही असं नाही. त्याला विचारलं तर कुठला दिवा काढला की वाडा जिवंत होईल हे तो बोट दाखवून सांगेल. पण वेळ नसतो आणि वाहिनीला ‘ब्राइट’ हवं असतं. परिणामी दोनशे वर्षांचा वाडा गोरेगावच्या प्लायवूडच्या सेटसारखा दिसतो. मग एवढा लवाजमा घेऊन साताऱ्यापर्यंत यायचंच कशाला?

ध्वनीची कथा आणखी वाईट. लोकेशनवर साउंड रेकॉर्डिस्टइतका छळला जाणारा माणूस दुसरा नाही. जनरेटरची गाडी लांब उभी करून केबल ओढून आणलेली असते. इतक्यात गिरणी सुरू होते. ती थांबवायला प्रॉडक्शनचा पोरगा पळतो, तोवर एसटी हॉर्न वाजवत वळणावर येते. ती गेली की म्हैस हंबरते. कपड्यांच्या आत लपवलेल्या लेपल माइकवर काठपदराची सळसळ घासते म्हणून टेक पुन्हा. एवढ्या चिवटपणे कमावलेला आवाज प्रक्षेपणात काय होतो? त्याच्यावर ढोल-व्हायोलिन ओतलं जातं, भुवई उंचावली तरी तीन ठोके. पाखरं, रहाट, देवळातली घंटा सगळं त्याखाली गाडलं जातं. गावात जाऊन गाव ऐकू न येणं ही कलेची चूक कमी, वाहिनीच्या घाबरटपणाची जास्त. प्रेक्षक क्षणभर शांततेत राहिला तर रिमोट उचलेल, ही ती भीती.

रंगभूषेबद्दल थोडक्यातच. उसाच्या फडातून बाहेर आलेल्या नायिकेचं काजळ जागच्या जागी असतं, आणि यात मेकअपदादाचा दोष नाही.

सांगलीकरांना हे सारं जास्त बोचायला हवं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ उभं करणारे विष्णुदास भावे नुसते नाटककार नव्हते, लाकडी बाहुल्या स्वतः घडवणारे कारागीर होते. मराठी रंगभूमीची सुरुवातच अशी हाताने काम करणाऱ्या माणसापासून झाली. शेजारच्या कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री (म्हणजेच बाबूराव पेंटर) हे नाटकांचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा बनवण्याच्या मागे लागले. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूराव पेंटरांनी तो पुरा केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आली. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम तयार झाले. त्यांनीच १९२९ मध्ये ‘प्रभात’ काढली. पुढे दामल्यांनी ध्वनी सांभाळला, फत्तेलालांनी कलादिग्दर्शन. गावात कारखाना टिकला म्हणून उमेदवारी करता आली आणि उमेदवारी झाली म्हणून कारागीर निपजले. यात गूढ काही नाही.

मालिकेचा संसार तसा टिकत नाही. दीड-दोन वर्षं मुक्काम, मग टीआरपी घसरला की पॅकअप. तेवढ्या काळात स्थानिकांच्या वाट्याला येतं ते घराचं भाडं, गाड्या, जेवणाचं कंत्राट, गर्दीतले चेहरे आणि स्पॉटदादाचं काम. एखादा हुशार पोरगा कॅमेरा अटेंडंटच्या मागे फिरून लेन्स ओळखायला शिकतो, फोकसचं अंतर नुसत्या नजरेने सांगू लागतो, आणि नेमकं तेव्हा युनिट गाशा गुंडाळतं. पुढे शिकायचं तर मुंबई गाठायची, तिथे युनियनचं कार्ड काढायचं आणि पैसे तीन-तीन महिन्यांनी मिळण्याची रीत मुकाट्याने सोसायची. घरभाडं भरणारा नवखा पोरगा तेवढं थांबेल कसा? तो पुन्हा एमआयडीसीत लागतो.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘आई माझी काळुबाई’च्या साताऱ्यातल्या चित्रीकरणात करोना शिरला. ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचं २२ तारखेला साताऱ्यातच निधन झालं. महाराष्ट्र हळहळला, हळहळायलाच हवं होतं. युनिटमधल्या इतरही अनेकांना लागण झाली होती. बातम्यांत त्यांचा उल्लेख ‘युनिटमधील सदस्य’ एवढाच. एरवीही मालिकेच्या शेवटची नावं वाचता येणार नाहीत अशा वेगाने पळवली जातात, ओटीटीवर तर पुढचा भाग सुरू करण्याचं बटण त्यांच्यावरच येऊन बसतं.

वाहिन्यांकडे पैसा नाही हे कारण मला पटत नाही. प्रत्येक खात्यात जिल्ह्यातली दोन मुलं, पगारी साहाय्यक म्हणून, मालिका संपेपर्यंत ठेवायची, एवढीच अट निर्मितीच्या करारात घालता येते. मुंबईहून आणलेल्या तेवढ्याच माणसांचा प्रवास, खोली आणि जेवण वाचतं. प्रॉडक्शन मॅनेजरने हिशेब करून पाहावा, उलट चार पैसे शिल्लकच राहतील.