'मला नोटबुकं आवडत नाहीत': एका भांडणाचं वाचन

ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ज्युपिटरकॉन भरली होती. ज्युपिटर नोटबुक बनवणाऱ्यांची आणि वापरणाऱ्यांची ही परिषद. तिथे जोएल ग्रस नावाच्या प्रोग्रामरने भाषण दिलं आणि त्याचं शीर्षकच होतं, 'मला नोटबुकं आवडत नाहीत'. म्हणजे लग्नाच्या मांडवात उभं राहून लग्नसंस्थेवर टीका करण्यासारखं! स्लाइड्स विनोदी होत्या, लोक हसले, पण मुद्दे गंभीर होते. तेव्हापासून नोटबुकचा विषय निघाला की हे भाषण निघतंच.

तुमच्यापैकी बरेच जण पीएच.डी.च्या तयारीत आहात. पायथन शिकत असाल तर ज्युपिटर उघडलेलं असणारच. या वादाकडे बघायची माझ्याकडे दोन कारणं आहेत. पहिलं सरळ आहे: उद्या तुमच्या थीसिसमधला आलेख कदाचित नोटबुकमधून येईल, आणि तो पुन्हा काढता येतो का, असा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. दुसरं कारण जास्त उपयोगाचं. एखादं नवीन साधन येतं तेव्हा ते वापरणारे जे बोलतात, ते संशोधकाने कसं वाचायचं? 'अमुक माणूस वाईट म्हणाला' हा काही पुरावा नाही. पण त्यातून पुरावा कुठे शोधायचा ते मात्र कळू शकतं.

थोडी पार्श्वभूमी

फर्नांडो पेरेझ २००१ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला, भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होता. तेव्हा त्याने स्वतःच्या सोयीसाठी आयपायथन लिहायला घेतलं. २०११ मध्ये त्याला ब्राउझरमध्ये चालणारं नोटबुक जोडलं गेलं. २०१४ मध्ये प्रकल्पाचं नाव ज्युपिटर झालं. ज्युलिया, पायथन आणि आर या तीन भाषांवरून. मूळ कल्पना याहून जुनी आहे. मॅथेमॅटिकामध्ये १९८८ पासून नोटबुक आहे, आणि कोड व त्याचं स्पष्टीकरण एकत्र लिहावं हे डोनाल्ड क्नुथने १९८४ मध्येच मांडलं होतं.

शास्त्रज्ञांनी हे साधन पटकन उचललं. ११ फेब्रुवारी २०१६ ला लायगोने गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं, तेव्हा डेटाबरोबर त्याच्या विश्लेषणाचं नोटबुकही सगळ्यांसाठी खुलं केलं. (याच लायगोची भारतातली वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात होणार आहे.) पेपर वाचा, नोटबुक उघडा, सेल चालवा आणि तो प्रसिद्ध सिग्नल स्वतःच्या लॅपटॉपवर बघा. हे आकर्षण खरं आहे, ते कमी लेखू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हे साधन एका भौतिकशास्त्रज्ञाने, प्रश्नाशी खेळत खेळत उत्तर शोधण्यासाठी बनवलं. सॉफ्टवेअर कंपनीत पाच वर्षं टिकेल असा कोड लिहिण्यासाठी नाही. पुढचं निम्मं भांडण इथूनच सुरू होतं.

ग्रसचा मुख्य आरोप

ग्रसचे आरोप बरेच आहेत. नोटबुकमध्ये कोड फंक्शन-मॉड्यूलमध्ये विभागायची सवय लागत नाही, टेस्ट लिहायची सवय लागत नाही, चांगला एडिटर जी मदत करतो ती मिळत नाही, वगैरे. हे सगळे एका जातीचे आरोप आहेत: 'माझ्या कामात जे चांगलं मानतात ते इथे नाही.' पण एक आरोप वेगळा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. तो म्हणजे लपलेली स्थिती.

उदाहरण घेऊ. पहिल्या सेलमध्ये तुम्ही प्रयोगाचं तापमान वाचलं, २७ अंश सेल्सियस. दुसऱ्या सेलमध्ये त्यात २७३.१५ मिळवून केल्विन केलं आणि उत्तर त्याच नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं: ३००.१५. तिसऱ्या सेलमध्ये आलेख. मध्येच काहीतरी बघायला तुम्ही दुसरी सेल पुन्हा चालवली. आता तापमान ५७३.३० झालं! स्क्रीनवरचा कोड एका अक्षराने बदललेला नाही. वरून खाली वाचणाऱ्याला तो बरोबरच दिसतो. पण कर्नलच्या, म्हणजे मागे चालू असलेल्या पायथनच्या, मेमरीत वेगळंच काहीतरी आहे.

५७३ केल्विन निदान डोळ्यांत तरी खुपतं. तापमानाऐवजी कॅलिब्रेशनचा गुणक घ्या, समजा १.०२. तो दोनदा लागला की १.०४०४ होतो. २ टक्क्यांच्या जागी ४ टक्के. हे कोणाच्या लक्षात येणार? गाइडच्या नाही, परीक्षकाच्या तर नाहीच. आणि सेल डिलीट केली तरी तिने बनवलेलं व्हेरिएबल मेमरीत राहतं. मग आज सगळं चालतं आणि उद्या लॅपटॉप बंद करून सुरू केला की चालत नाही.

बाकीच्या आरोपांत आणि यात फरक काय? बाकीचे आरोप गैरसोयीबद्दल आहेत. हा आरोप शांतपणे चुकीचं उत्तर मिळण्याबद्दल आहे. संशोधनात एरर देणारा प्रोग्राम परवडतो, पण एरर न देता चुकणारा परवडत नाही. माझ्या मते ग्रसच्या भाषणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. पण बाकीच्या तक्रारींच्या गर्दीत तो तिला पुरेसं वेगळं काढत नाही. 'ऑटोकम्प्लीट नीट नाही' आणि 'तुझं उत्तर चुकीचं असू शकतं' या दोन तक्रारी एकाच यादीत शोभत नाहीत.

बाजू घेणारे काय म्हणतात

फास्ट डॉट एआयचा जेरेमी हॉवर्ड २०२० च्या ज्युपिटरकॉनमध्ये बोलला आणि शीर्षक मुद्दाम उलटं ठेवलं: 'मला नोटबुकं आवडतात'. हॉवर्डची बाजू एका बाबतीत भक्कम आहे. नोटबुकमध्ये मॉड्यूल आणि टेस्ट होत नाहीत, या आरोपावर त्याने नुसता प्रतिवाद केला नाही, साधन बनवून दाखवलं. त्याच्या एनबीडेव्हमध्ये नोटबुकमध्येच लायब्ररी, तिच्या टेस्ट आणि माहितीपुस्तिका लिहिता येते. टीकेला असं उत्तर मिळालं की वाद पुढे सरकतो.

पण लपलेल्या स्थितीवर बाजू घेणाऱ्यांचं नेहमीचं उत्तर असतं, 'अरे, रीस्टार्ट करून सगळं रन कर ना!' हे बटण ज्युपिटरमध्ये आहे आणि ते दाबावंच. उत्तर म्हणून मात्र मला ते अपुरं वाटतं. लॅबमधलं सेंट्रीफ्यूज आठवा. झाकण उघडं असेल तर ते सुरूच होत नाही. 'झाकण लावायला विसरू नका' अशी चिठ्ठी चिकटवून बनवणारे मोकळे झाले नाहीत. धोका माहीत असेल तर तो माणसाच्या आठवणीवर सोडायचा नसतो.

आणि दुसरे मार्ग आहेत. आर मार्कडाउनमध्ये 'निट' बटण दाबलं की आरस्टुडिओ संपूर्ण दस्तऐवज नव्या सेशनमध्ये पहिल्यापासून चालवतो. ज्युलियासाठीच्या प्लूटोमध्ये एक व्हेरिएबल बदललं की त्यावर अवलंबून असलेल्या सेल आपोआप पुन्हा चालतात, आणि सेल डिलीट केली की तिचं व्हेरिएबलही जातं. म्हणजे दोष 'नोटबुक' या कल्पनेचा नाही, एका रचनेच्या निवडीचा आहे. ग्रस नोटबुकांना सरसकट नावं ठेवतो तिथे तो कमी पडतो, आणि सवयीवर सगळं ढकलणारे समर्थक इथे कमी पडतात. अर्थात प्लूटोच्या पद्धतीलाही किंमत आहे. वरच्या सेलमधला एक आकडा बदलला आणि खाली दोन तासांचं सिम्युलेशन असेल, तर आपोआप चालणं हीच डोकेदुखी होते.

आता आकडे

मतं झाली. मोजून कोणी बघितलं का? हो. पिमेंटेल आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये गिटहबवरच्या १४ लाख नोटबुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालवून बघता येण्याजोगी नोटबुकं त्यांनी खरोखर चालवली. एरर न येता पूर्ण चाललेली फक्त २४.११ टक्के. पहिल्यासारखंच उत्तर देणारी ४.०३ टक्के.

हा ४ टक्क्यांचा आकडा फार फिरतो. 'बघा, नोटबुक किती वाईट!' असं म्हणून तो तोंडावर फेकला जातो. थांबा. संशोधनाची तयारी करताय ना? मग पहिला प्रश्न विचारा: तुलना कशाशी?

२०२२ मध्ये ट्रिसोविक आणि सहकाऱ्यांनी हार्वर्ड डेटाव्हर्सवरच्या ९ हजारांहून जास्त आर फाइल्स अशाच चालवून बघितल्या. हा कोड प्रकाशित संशोधनासोबत ठेवलेला होता. ७४ टक्के फाइल्स एरर देऊन थांबल्या. कोडची थोडी साफसफाई केल्यावरही ५६ टक्के थांबल्याच. म्हणजे नोटबुकांपैकी साधारण ७६ टक्के बंद पडतात आणि आरच्या फाइल्सपैकी ७४ टक्के! दोन्ही नमुने वेगळे आहेत हे मान्य. गिटहबवर विद्यार्थ्यांचा गृहपाठही असतो, डेटाव्हर्सवर प्रकाशित काम असतं. त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. पण 'सगळा दोष नोटबुकचा' हे म्हणणं एवढ्यानेच डळमळीत होतं.

कारणं बघितली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. पिमेंटेल यांच्या अभ्यासात नोटबुकं बंद पडण्याची मुख्य कारणं होती: लागणाऱ्या लायब्ररी नसणं, डेटाची फाइल न मिळणं, आणि लपलेली स्थिती व उलटसुलट क्रमाने चालवलेल्या सेल. पहिली दोन कारणं कुठल्याही स्क्रिप्टला लागू आहेत. तिसरं मात्र नोटबुकचं स्वतःचं. ग्रसचा आरोप खरा आहे, पण तो तीनांपैकी एक.

२४ आणि ४ मधली दरी मला जास्त बोलकी वाटते. चाललेल्या सहांपैकी जेमतेम एकाचं उत्तर जुळलं. तरी इथेही सावध राहा. आउटपुट जुळतं का, हा कडक निकष आहे. सीड न ठरवता घेतलेले यादृच्छिक आकडे किंवा छापलेली तारीख-वेळ बदलली तरी आउटपुट बदलतं. न जुळलेलं प्रत्येक उत्तर चुकीचं, असा अर्थ काढता येत नाही.

मग यातून घ्यायचं काय?

प्रतिक्रिया वाचताना आधी बघा, बोलणाऱ्याचं काम काय आहे. ग्रस ज्या कामाच्या मोजपट्टीने मोजतो त्यात कोड वर्षानुवर्षं जगतो आणि दहा जण त्याला हात लावतात. नोटबुकची फाइल जेसन स्वरूपाची, आउटपुटसकट साठवलेली, त्यामुळे गिटवर दोघांचे बदल एकत्र करताना जीव जातो. ही तक्रार त्या जगात मोठी आहे. तुम्ही एकटेच एका डेटासेटशी झुंजत असाल तर ती छोटी आहे. पण लपलेली स्थिती दोन्हीकडे सारखीच घातक. जी तक्रार काम बदलल्यावरही टिकते ती गांभीर्याने घ्या. जी टिकत नाही ती बहुतेक वेळा आवडीनिवडीची असते.

मग त्या तक्रारीचं मोजता येईल असं विधान करा. 'नोटबुकं बेकार आहेत' हे तपासता येत नाही. 'नोटबुकं नव्याने चालवली तर किती चालतात' हे येतं. आणि आकडा मिळाल्यावर छेद काय आणि तुलना कशाशी, हे विचारल्याशिवाय तो पुढे पाठवू नका. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना बहुतेक वेळ याच कामात जातो.

तुमच्या स्वतःच्या नोटबुकचं म्हणाल तर आज एवढं करून बघा. सेलच्या डावीकडे चौकटी कंसात आकडे असतात, त्या सेल ज्या क्रमाने चालल्या ते. ते वरून खाली १, २, ३ असे आहेत, की ३ नंतर १७ आणि मग ९? कर्नल रीस्टार्ट करा, सगळं पहिल्यापासून चालवा आणि जुना आलेख नव्याशेजारी ठेवा. जुळला तर गाइडला पाठवा. नाही जुळला तर आधी कारण शोधा, ईमेल नंतर.

लायब्ररींच्या आवृत्त्या कशा नोंदवून ठेवायच्या, म्हणजे वरच्या तीन कारणांतलं पहिलं कसं टाळायचं, ते पुढच्या पोस्टमध्ये बघू.